घुबडाचा संसार आणि हंसांचा थवा

एका घुबडाचे रानहंसीवर मन जडते. लग्न होते, अंडी घातली जातात, पिल्ले बाहेर येतात. पिल्ले आईमागोमाग पाण्यात उतरतात आणि बाप काठावर बसून बघत राहतो. पुढे थंडीची चाहूल लागते, हंसांचा थवा दूरच्या मुलखाकडे निघतो. घुबडाला मागे राहवत नाही. तेही थव्यामागे झेपावते, जमेल तितके उडते. हंस विसाव्यासाठी पाण्यावर उतरतात तेव्हा तेही उतरते. तरंगणे त्याच्या जातीत नाही. ते बुडते आणि गोष्ट संपते.

ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची दंतकथा. अमेरिकेत जन्मलेल्या कॅरोलिन लीफ यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळासाठी १९७४ मध्ये तिच्यावर सुमारे साडेसात मिनिटांचा ॲनिमेशनपट केला. ‘द आऊल हू मॅरीड अ गूज’ हे त्याचे नाव. लोककथेचे चित्रपटात रूपांतर कसे करावे हे शिकायचे असेल, तर मी सगळ्यात आधी हाच चित्रपट दाखवीन.

जळगाव-धुळ्याकडच्या वाचकासाठी हे लिहिण्याला तसेच कारण आहे. सातपुड्यात घुबडाची एक जात राहते, ती हरवली असे शंभर वर्षांहून अधिक काळ मानले जात होते आणि ती पुन्हा सापडली ती खानदेशातच. जळगावहून जेमतेम ६० किलोमीटरवर अजिंठ्याच्या भिंतींवर हंस, हत्ती, हरणे आणि माकडे यांच्या कथा दीड-दोन हजार वर्षांपूर्वी रंगवून ठेवल्या आहेत. आणि शिरपूर, चोपडा, यावल, रावेरच्या पाड्यांवर भिल्ल, पावरा, बारेला, तडवी लोक अजून आपल्या बोलीत गोष्टी सांगतात. प्राणी, चित्र आणि गोष्ट सांगणारा आवाज अशी तिन्ही आपल्या हाताशी आहेत. ती एकत्र कशी आणायची हे इन्युइट कथांच्या उदाहरणावरून फार चांगले कळते.

लीफ यांचे साहित्य वाळूचे. खालून दिवा लावलेली काच, तिच्यावर बारीक चाळलेल्या वाळूचा थर आणि वरून काचेवर रोखलेला कॅमेरा, एवढाच सरंजाम. वाळू दाट असेल तिथे काळे दिसते, विरळ असेल तिथे करडे, आणि बोटाने बाजूला सारली तिथे लख्ख पांढरे. रांगोळीत मुरलेल्या हाताला हे तंत्र चटकन कळेल, फक्त इथे उजेड खालून येतो. आकृती जमली की चौकट टिपायची, मग पंख किंचित सरकवायचा, मान जराशी वळवायची आणि पुन्हा टिपायचे. चित्रपट सेकंदाला २४ चौकटी दाखवतो. एकेक आकृती दोन-दोन चौकटींसाठी टिपली तरी सेकंदाला १२ आकृत्या लागतात. साडेसात मिनिटांसाठी हा हिशेब ५,४०० आकृत्यांवर जातो.

यातली खरी कसोटी वेगळीच आहे. वाळूतली प्रत्येक नवी आकृती आधीची मोडूनच तयार होते. कागदावर काम करणाऱ्याजवळ जुनी चित्रे राहतात, एखादी हालचाल फसली तर तेवढी पाने पुन्हा काढता येतात. वाळूत मागे जाण्याची सोय नाही. त्यामुळे पुढची हालचाल हाताला आधीच ठाऊक असावी लागते. घुबड कसे बसते, हंस मान कशी टाकतो, पिल्लू पाण्याला बिचकते तेव्हा त्याचे शरीर कुठे आक्रसते, हे पाहून पाहून अंगात मुरले असेल तरच हात चालतो. लीफ यांच्या कामात दृश्य तुटून दुसरे दृश्य सुरू होण्यापेक्षा एक आकार विरघळून त्यातून दुसरा उगवतो. हे त्यांना वाळूनेच शिकवले असणार. पुढे ‘द स्ट्रीट’ या १९७६ च्या चित्रपटात त्यांनी काचेवरच्या ओल्या रंगातून हेच साधले आणि त्या चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले.

या गोष्टीला वाळू इतकी का शोभली, हेही पाहण्यासारखे आहे. बर्फासाठी काही काढावे लागत नाही. रिकामी काच म्हणजेच बर्फाळ माळ. त्या उघड्या पांढऱ्यावर दोन काळे पक्षी, बाकी काही नाही. इन्युइट कलावंतांची दगडावर कोरून छापलेली चित्रे पाहिली, तर तिथेही हाच मोकळेपणा दिसतो. लीफ यांनी अ‍ॅग्नेस नानोगाक या इन्युइट चित्रकर्तीच्या रेखाटनांचा आधार घेतला होता. साधन बाहेरचे असले तरी नजर तिथली राहिली.

आवाजाचेही तसेच. चित्रपटात गोष्ट समजावून सांगणारा निवेदक नाही. घुबडाचा घुत्कार आणि हंसांचा कलकलाट इन्युइट माणसांनी स्वतःच्या गळ्यातून काढलेला आहे. हंसाला जवळ बोलावण्यासाठी त्याचा हुबेहूब आवाज काढणे हे तिथल्या शिकाऱ्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब. ते ऐकताना भाषा येत नसूनही कोण चिडले, कोण लाडात आले, कोण थकले हे नेमके कळते. इंग्रजीत कुणी घुबडाच्या तोंडी विनोद घातले असते तर ही गोष्ट जगातल्या शेकडो कार्टूनांत मिसळून गेली असती.

आता शेवटाकडे येऊ. घुबड बुडते, त्याला कुणी वाचवत नाही. हा शेवट क्रूर वाटतो, पण तो निरीक्षणातून आलेला आहे. हंसाची पिसे दाट, एकमेकांत घट्ट गुंतलेली असतात. शेपटीच्या बुडाशी असलेल्या ग्रंथीतले तेल चोचीने पिसांना लावत राहण्याची त्याला सवय असते, म्हणून पाणी आत शिरत नाही. घुबडाच्या पिसांचा पोत मऊ असतो आणि उड्डाणपिसांच्या कडांना बारीक झालर असते. त्यामुळे ते निःशब्द उडते आणि भक्ष्याला पत्ता लागत नाही. पण तीच मऊ पिसे पाणी धरतात. ज्या गुणामुळे घुबड शिकारी होते, तोच गुण त्याला पाण्यात बुडवतो. ही कथा रचणाऱ्या माणसांनी हे कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी पक्षी पाहिले होते. शेवट गोड केला असता तर गोष्टीतले हे ज्ञानच नाहीसे झाले असते.

आपल्याकडे काऊ-चिऊच्या गोष्टीचे नेमके हेच होते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे, पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि भिजलेला कावळा दार ठोठावत राहतो. चिमणी एकामागून एक कामे सांगून त्याला ताटकळत ठेवते. जुन्या सांगण्यांत कावळ्याला पुढे चटकाही बसतो. आजच्या रंगीत कार्टूनांत तो चटका गायब होतो आणि शेवटी सगळे मिळून गाणे म्हणतात. लहान मुलांना दुःख सोसत नाही ही मोठ्यांची समजूत आहे. मुले तो चटका बरोबर लक्षात ठेवतात.

इन्युइट लोकांतही कावळा काळा का, याची कथा आहे. घुबड आणि डोमकावळा एकमेकांना सजवायला बसतात. घुबडाला सुंदर नक्षी मिळते, पण कावळा एका जागी बसत नाही आणि शेवटी दिव्याच्या काजळीने काळाठिक्कर होतो. ॲनिमेशनकार को हूडेमन यांनी १९७३ मध्ये तिच्यावर ‘द आऊल अँड द रेव्हन’ केला. त्यांनी पात्रांच्या बाहुल्या सीलच्या कातड्याच्या बनवल्या. ज्या प्राण्यावर त्या लोकांचे अन्न, वस्त्र आणि दिव्याचे तेल अवलंबून, त्याच्याच कातड्यातून त्यांच्या गोष्टीतले पक्षी उभे राहिले. त्याआधी १९७१ मध्ये त्यांनी घुबड आणि लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याची कथा केली होती. हिमघुबडाचे मुख्य अन्न लेमिंगच, म्हणजे याही गोष्टीचे मूळ निरीक्षणातच.

या सगळ्या कौतुकात एक खटकणारी बाब आहे. १९७० च्या दशकातल्या या चित्रपटांच्या शीर्षकांत ‘एस्किमो दंतकथा’ असे लिहिलेले असे. हे नाव त्या लोकांनी स्वतःला दिलेले नव्हते. कथा त्यांची, चित्रे आणि आवाज त्यांचे, पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत माणूस बाहेरचा. पुढे हे बदलत गेले. चित्रपट मंडळाने केप डॉर्सेट या वस्तीत ॲनिमेशनची कार्यशाळा सुरू केली आणि तिथल्या तरुणांनी स्वतः छोटे चित्रपट केले. ते १९७३ मध्ये लोकांसमोर आले. हूडेमन यांनी १९७५ मध्ये केलेली ‘लुमाक’ ही दंतकथा २०१० मध्ये अलेथिया अर्नाकुक-बॅरिल या इन्युइट दिग्दर्शिकेने पुन्हा केली. आंधळा मुलगा, त्याच्याशी निर्दयपणे वागणारी आई आणि त्याला दृष्टी देणारा पाणपक्षी ही तीच कथा, पण आता ती घरातल्या माणसाने सांगितलेली. ‘अतानार्जुआत’ या चित्रपटामुळे जगाला माहीत झालेले इन्युइट दिग्दर्शक झकारियास कुनुक यांनीही २०२१ मध्ये एका तरुण शमन स्त्रीची कथा बाहुल्यांच्या ॲनिमेशनमध्ये आणली. रूपांतराचा हक्क कुणाकडे असावा याचे उत्तर त्या लोकांनी काम करूनच दिले.

याच चित्रपट मंडळात आपल्या शेजारच्या गुजरातेतले ईशू पटेल काम करत होते. १९७१ मध्ये त्यांनी मृत्यू पृथ्वीवर कसा आला या भारतीय दंतकथेवर चित्रपट केला. १९७७ च्या ‘बीड गेम’मध्ये त्यांनी हजारो मणी हलवून एक जीव दुसऱ्याला गिळत जातो असा खेळ मांडला. त्याची प्रेरणा इन्युइट स्त्रियांच्या मणीकामात होती. संगीत तबलावादक ज्ञानप्रकाश घोष यांचे. ध्रुवाकडचे मणी आणि इकडचा तबला इतके एकजीव झाले की सांधा शोधूनही सापडत नाही.

आता आपल्या घुबडाकडे वळू. सातपुड्यातली ती जात म्हणजे रानपिंगळा, जेमतेम वीतभर उंचीचा. गावातल्या वडा-पिंपळावर दिसणाऱ्या साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे. छातीवर गडद पट्टा, पोट पांढरे, आणि अंगाच्या मानाने पंजे दणकट. ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे पहिले वर्णन केले. पुढच्या दशकात जेम्स डेव्हिडसन या ब्रिटिश अधिकाऱ्याने खानदेशातून नमुने गोळा केले आणि १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. मध्ये रिचर्ड माइनर्ट्झहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत तो टिपल्याचा दावा केला होता. पण तो नमुना डेव्हिडसन यांचाच, संग्रहालयातून लांबवून नव्याने भरलेला निघाला. हा बनाव उघड करणाऱ्या पामेला रासमुसेन पुढे बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह शोधाला निघाल्या. त्यांनी खोटा पत्ता बाजूला ठेवून खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांना रानपिंगळा दिसला. तेव्हा शहादा धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. नंतर मेळघाटात आणि जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यातही हा पक्षी आढळला.

चित्रपटाच्या दृष्टीने याची सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तो दिवसा वावरतो. सागाच्या निष्पर्ण शेंड्यावर उन्हात बसतो, उत्तेजित झाला की शेपूट झटकन या बाजूला त्या बाजूला हलवतो, सरडा किंवा उंदीर दिसला की खाली झेपावतो. पंचतंत्रातल्या ‘काकोलूकीयम्’मध्ये घुबडे दिवसा आंधळी म्हणून कावळ्यांना डाव साधता येतो. ती कथा रानपिंगळ्याला लावता येणार नाही, त्याला दिवसा उत्तम दिसते. ध्रुवाकडच्या उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही तेव्हा हिमघुबडही भर उजेडात शिकार करते, म्हणून इन्युइट कथेतले घुबड दिवसाढवळ्या हंसांत फिरताना तिथल्या माणसाला विचित्र वाटत नाही. रूपांतर करणाऱ्याने आधी कोणते घुबड ते ठरवावे लागते. नुसते ‘घुबड’ म्हणून चालत नाही.

आपल्याकडे घुबडाशी जडलेली अपशकुनाची समजूत अजून पक्षी मारवते, जादूटोण्यासाठी विकवते. त्याच समाजात पिंगळ्याची भाषा जाणणारा पिंगळा जोशी पहाटे दारात येऊन भविष्य सांगत असे आणि त्याला सुपातले दाणे मिळत. भीती आणि मान दोन्ही एकाच पक्ष्याभोवती. यातून एक चांगला चित्रपट उभा राहू शकतो आणि तो रानपिंगळ्याच्या जिवाच्या कामीही येईल, असे मला मनापासून वाटते.

आणि हंस? तो अजिंठ्यात आहे. १७ क्रमांकाच्या लेण्यात हंसजातक रंगवले आहे. हंसांचा राजा फासात अडकतो, थवा उडून जातो, पण त्याचा सेनापती सुमुख जागचा हलत नाही. पारधी दोघांना वाराणसीच्या राजाकडे नेतो आणि हंस राजाला उपदेश करतो. इन्युइट कथेत हंस निघून जातात आणि घुबड मरते, इथे एक हंस थांबतो म्हणून दुसरा वाचतो. एकाच पक्ष्याच्या उडून जाण्याकडे दोन समाजांनी किती वेगळ्या नजरेने पाहिले.

अजिंठ्याच्या चित्रकारांपुढचा प्रश्न ॲनिमेशनकाराचाच होता. चित्र स्थिर, गोष्ट चालती. त्यांनी काढलेला तोडगा पाहायला लेण्यात थोडा वेळ उभे राहावे लागते. एकाच भिंतीवर तेच पात्र पुन्हा पुन्हा येते. इथे हत्ती कमळतळ्यात आहे, पलीकडे पारधी नेम धरतो आहे, त्याच्या वर दात राजवाड्यात पोचले आहेत. मध्ये चौकट नाही. एखादे झाड, खडकांची रांग किंवा पात्राची वळलेली मान प्रसंग बदलल्याचे सांगते. चित्र हलत नाही, पाहणाऱ्याचा डोळा हलतो. सहा सुळ्यांच्या छद्दंत हत्तीची कथा १० क्रमांकाच्या जुन्या लेण्यात आहे आणि काही शतकांनंतरच्या १७ मध्येही. मागच्या जन्मीच्या मत्सरापोटी राणी त्याचे सुळे मागवते, आणि ते समोर आल्यावर शोकाने तिचाच जीव जातो. कथा तीच, मांडणी निराळी, म्हणजे रूपांतराचे रूपांतर. आजच्या दिग्दर्शकाने ही दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहावीत. कथेचा कुठला क्षण मोठा करायचा हा निर्णय दोन काळांतल्या चित्रकारांनी वेगवेगळा कसा घेतला, हे तिथे उघड दिसते.

मराठी मुलखात या कलेची सुरुवात लवकर झाली. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या हलवून चित्रपट केला आणि १९३० च्या दशकात ‘प्रभात’ने कोल्ह्याचा ‘जंबूकाका’ केला. अजिंठ्याचा धागा मात्र मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने उचलला. १९५७ च्या ‘द बनियन डिअर’मध्ये निग्रोधमृग जातक घेतले गेले आणि चित्रांना अजिंठ्याचे वळण दिले गेले. गाभण हरिणीच्या जागी स्वतःचे मस्तक पुढे करणाऱ्या मृगराजाची ही कथा. विभागाला शिकवायला डिस्नेच्या ‘बांबी’वर काम केलेले क्लेअर वीक्स आले होते, आणि पुढे भारतीय ॲनिमेशनचे अध्वर्यू ठरलेले राम मोहन तिथेच घडले. हरिणाच्या चालीचा अभ्यास अमेरिकेतून आला आणि रेषा अजिंठ्याच्या वाघूर खोऱ्यातून. हा प्रयोग पुढे फारसा वाढला नाही याचे मला वाईट वाटते, कारण वाट बरोबर होती.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षांनी सातपुड्याच्या अंगाने दुसरी वाट निघाली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात नीना सबनानी यांनी भिल्ल चित्रकार शेरसिंह भील यांच्यासोबत ‘हम चित्र बनाते हैं’ हा लघुपट केला. पाऊस नाहीसा होतो, लोक बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, जातात, तो भिंतींवर चित्रे काढायला सांगतो. भिल्लांसाठी चित्र काढणे ही प्रार्थना का आहे याची ही उगमकथा. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला. कथा मध्य प्रदेशातल्या भिल्लांची, पण झाबुआ-अलीराजपूर आणि नंदुरबार-शिरपूर यांच्यामधली राज्यसीमा त्या लोकांनी आखलेली नाही. ब्रिटिश काळात ग्रिअर्सन यांनी केलेल्या भाषा पाहणीतही १९०७ च्या खंडात भिल्ली बोली आणि खानदेशी एकत्रच आल्या आहेत.

भिल्ल चित्रांत प्राण्याचे सगळे अंग ठिपक्यांनी भरलेले असते, आणि ठिपके देण्याची प्रत्येकाची पद्धत वेगळी, जाणकाराला चित्रकार ओळखता येईल इतकी. हे हलवायचे म्हणजे मोठी अडचण. प्रत्येक चौकटीत ठिपके नव्याने काढले तर एकही जागच्या जागी पडत नाही आणि पडद्यावर प्राण्याचे अंग उकळू लागते. ठिपके अंगावर चिकटवून फक्त पाय आणि मान सांध्यात फिरवली तर ठिपके शांत राहतात, पण प्राणी कठपुतळी होतो. मला वाटते, वाकणाऱ्या मानेवर ठिपके दाटतात, ताणलेल्या पाठीवर विरळ होतात, ही हालचाल चित्रकाराने स्वतः दाखवून द्यायला हवी. संगणक चालवणाऱ्याला ती सुचणार नाही, आणि म्हणूनच चित्रकाराचे नाव श्रेयनामावलीच्या तळाशी न टाकता दिग्दर्शकाशेजारी यायला हवे.

खानदेशात असा चित्रपट करायचा तर पैशाची अडचण मी दुय्यम मानतो. काच, दिवा, स्टँडला बांधलेला मोबाइल आणि चौकट-चौकट टिपणारे एखादे फुकटचे ॲप, एवढ्यावर शाळकरी मुलेही सुरुवात करू शकतात. तापीच्या पात्रातली वाळू दोनदा चाळून, धुऊन, कडक वाळवली की काचेवर मोकळी सरकते. काळ्या मातीचा मोह होईल, पण ती दमट हवेत गोळे धरते, तिचा उपयोग उन्हाळ्यातच. इन्युइट कथेत रिकामी काच म्हणजे बर्फ. इथे तीच रिकामी काच म्हणजे मे महिन्यातले भुसावळचे ऊन, ज्यात पानगळ झालेला साग काळ्या रेघांसारखा उभा असतो आणि शेंड्यावर रानपिंगळा बसलेला असतो. पांढऱ्या बर्फाची नक्कल करायची गरज नाही. आपला उजेडही तितकाच निर्दय आहे.

बोलीच्या बाबतीत मात्र तडजोड नको. पात्रे प्रमाण मराठीत किंवा हिंदीत बोलू लागली की ती क्षणात दूरदर्शनवरची होतात. कावळ्याने घुबडाला “कथा जाई ऱ्हायना?” असेच विचारले पाहिजे. अहिराणी न येणारा माणूसही प्रश्न समजेल, कारण कावळ्याची मान आणि आवाजाचा चढ ते सांगेल. पावरी किंवा भिल्ली कथेला पावरी-भिल्लीच हवी. आवाज काढणारेही तिथलेच हवेत. मोर, टिटवी, कोल्हा, वाघ यांचे हुबेहूब आवाज काढणारी माणसे सातपुड्यातल्या पाड्यांवर आहेत, आणि ध्वनिसंग्रहातला विकतचा घुत्कार त्यांच्यापुढे टिकणार नाही.

कथा निवडतानाही सांभाळावे लागते. काही गोष्टी कुणालाही, केव्हाही सांगायच्या असतात, तर काही पूजेच्या. वाघदेवाशी किंवा इंदलाच्या पूजेशी जोडलेली कथा मनोरंजनासाठी वापरायची की नाही, हे ज्या पाड्याची ती आहे त्याने ठरवायचे. सांगणाऱ्याला मोबदला, श्रेयनामावलीत नाव, आणि तयार चित्रपट सगळ्यात आधी त्याच्याच पाड्यावर दाखवणे, एवढे तर किमान झालेच पाहिजे.

ॲनिमेशनमध्ये आवाज सहसा आधी टिपतात आणि चित्रे नंतर त्या आवाजावर बसवतात. ओठ, पंख, थबकणे, सगळे त्या मोजमापाने. म्हणजे कामाची पहिली पायरी काचेपाशी नसून गोष्ट सांगणाऱ्या म्हाताऱ्या माणसापाशी आहे. होळीच्या आधी भोंगऱ्याचे बाजार भरतात तेव्हा मजुरीला बाहेर गेलेली कुटुंबे शिरपूर-चोपड्याकडच्या आपापल्या पाड्यांवर परतलेली असतात. आजी, नातवंडे, ढोल वाजवणारे, पक्ष्यांचे आवाज काढणारे सगळे एका ठिकाणी सापडतात. ज्याला हा चित्रपट करायचा आहे त्याने ते दिवस मोकळे ठेवावेत.